पावातली आग
मध्ययुगीन युरोपात कित्येकांचे हातपाय निखाऱ्यावर धरल्यासारखे जळत, मग काळे पडून गळून जात. लोक या व्याधीला संत अँथनीची आग म्हणत आणि देवाचा कोप मानत. खरे कारण राय या धान्याच्या कणसात होते. ओल्या, गार हवेत त्यावर अरगट ही बुरशी वाढते आणि दाण्याच्या जागी कोंबड्याच्या नखीसारखी जांभळट-काळी गाठ येते. ती दळणात गेली की तिच्यातल्या विषाने रक्तवाहिन्या आवळतात. पण मला वाटते, बुरशी हे निमित्त होते. माणसे मेली ती गरिबीने. गव्हावर अरगट कमी पडतो आणि गव्हाचा पाव श्रीमंतांच्या ताटात असे. टंचाईत गरीब मात्र हाती येईल ते दळत. त्यांना धान्य निवडून टाकणे परवडणार कसे?

कोणी म्हणेल, रोगी देवळात जाऊन बरे होत, ते श्रद्धेनेच. श्रद्धेने धीर येतो, हे खरेच. पण ९४५च्या सुमारास पॅरिसमध्ये ड्यूक ह्यू याने देवळात जमलेल्या रोग्यांना आपल्या कोठारातले धान्य खाऊ घातले. ते बरे झाले आणि घरी परतल्यावर काहींना तीच आग पुन्हा लागली. देव तोच होता, पीठ बदलले होते. इतिवृत्तांतली प्रत्येक ‘आग’ अरगटाची नव्हती, हा आक्षेप मात्र रास्त आहे. धावऱ्याचे रोगीही त्यांत असणार. १६७६मध्ये फ्रेंच वैद्य दोदार यांनी या रोगाचा संबंध अरगटाशी जोडला. आपल्याकडे अरगट बाजरीवर पडतो, म्हणून पेरणीआधी बियाणे २० टक्के मिठाच्या पाण्यात बुडवून तरंगणारे काढून टाकतात.