घोडीला शिकवायचे म्हणजे

वरातीतली घोडी पाहिली नाही असा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात सापडणार नाही. पण ती उरलेले दिवस काय खाते आणि बँडच्या गलक्यात उभी राहायला कोणाकडून शिकते, हे विचारणारे थोडेच. किनवटात आमच्या घरी अशी घोडी आहे. तिचे नाव चंद्री. माझी फी आणि पुस्तके तिच्याच कमाईतून येतात, तेव्हा तिच्याविषयी लिहिणे माझ्याकडे ओघानेच आले. घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. वडिलांना सहीपुरते अक्षर येते. परंतु घोड्याचा त्यांच्याइतका बारकाईने विचार करणारा माणूस मी पाहिलेला नाही. पुढे लिहिले आहे त्यातले बरेचसे त्यांचे आणि थोडे पुस्तकातले.

आपल्या जिल्ह्यात घोडे घ्यायचे ठिकाण म्हणजे लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा. मार्गशीर्ष अमावास्येच्या सुमारास तेथे घोडे, गाढवे, उंट आणि लाल कंधारी गुरे यांचा मोठा बाजार भरतो. घेणारे आधी रंग पाहतात, मग अंगावरचे भोवरे. वरातीसाठी पांढऱ्या रंगाला भाव जास्त. वडील मात्र खुरापासून सुरुवात करतात. चारही पायांवरून हात फिरवून कुठे गरम लागते का ते पाहायचे, मग कठीण जमिनीवर चालवून टापांचा आवाज ऐकायचा. एक टाप हलकी पडली तर घोडे परत. देवमण भोवरा त्यांनाही आवडतो, पण त्याचे जादा पैसे ते देत नाहीत. वयासाठी दात पाहतात. अडीच वर्षांच्या सुमारास पुढचे दुधाचे दात पडू लागतात आणि पाचव्या वर्षापर्यंत सगळे पक्के येतात. त्यानंतर झिजेवरून अंदाज बांधायचा, आणि खरी फसवणूक तिथेच होते. रक्ताची तपासणी झाल्याशिवाय व्यवहार करू नये. ग्लँडर्स हा घोड्यांचा रोग माणसालाही होतो आणि तो निघाला तर जनावर मारून टाकावेच लागते.

खाण्याच्या बाबतीत लोकांचा मोठा गैरसमज आहे. एवढे धिप्पाड जनावर म्हणून त्याला एकदाच भरपूर घातले की झाले, असे वाटते. वास्तविक घोड्याचे जठर देहाच्या मानाने लहान असते. त्याला थोडे थोडे आणि वारंवार लागते : गवत, कडबा, भिजवलेला हरभरा बेताने. शिवाय घोड्याला ओकारी होत नाही. आत गेलेले अन्न उलटून पडण्याची सोय निसर्गाने ठेवलेली नाही. म्हणून खाण्यात एकाएकी बदल झाला की पोटशूळ उठतो आणि त्यात घोडे जातेही. घोडी पोटाकडे वळून पाहू लागली, पायाने जमीन उकरू लागली, सारखी लोळू लागली, तर काढे पाजत बसू नये. ते श्वासनळीत गेले तर दुसरेच संकट. सरळ जनावरांच्या डॉक्टरांना बोलवावे. वरातीत हौसेने लाडू-पुऱ्या भरवणाऱ्या पाहुण्यांना हे कोण सांगणार? पाणी दिवसाला पंचवीस-तीस लिटर, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात त्याहून पुष्कळ जास्त. ते भरण्याचे काम माझ्याकडे आहे, त्यामुळे हा आकडा पुस्तकात पाहावा लागला नाही. धनुर्वाताची लस चुकवू नये. पावसाळ्यात गोमाशांपासून जपावे, कारण सर्रा नावाचा ताप त्यांच्यामुळेच पसरतो.

आता मुख्य गोष्ट, शिकवण्याची. घोडा हा मुळात भित्रा प्राणी. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते. मात्र कपाळासमोरचे अगदी जवळचे आणि शेपटीमागचे दिसत नाही. म्हणून खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जवळ जावे. पहिले काही आठवडे वडील लांब दोरीवर नुसते गोल फेरे घेतात आणि मोठ्याने मोजतात. बोगाझक्यॉय येथे सापडलेल्या, तीन हजार वर्षांहून जुन्या हित्ती लेखात किक्कुली नावाच्या अश्वशिक्षकाने फेऱ्यांसाठी एक, पंच, सप्त यांच्याशी जुळणारे शब्द वापरले आहेत, हे वाचल्यावर मला मोठी गंमत वाटली. आमच्या अंगणातलीच मोजणी ती!

लगाम ओढल्याने घोडी शिकत नाही, तो सैल सोडल्याने शिकते. थांब म्हटले, ती थांबली, की त्याच क्षणी हात ढिला झाला पाहिजे. क्षणभर उशीर झाला तरी तिला आपले काय बरोबर आले ते कळत नाही. आवाजाची सवय अशीच. चंद्री खात असताना माझा धाकटा भाऊ दूर बांधापाशी हलगी वाजवायचा. तिने कान टवकारून पुन्हा तोंड चाऱ्यात घातले, तरच दुसऱ्या दिवशी दोन पावले पुढे. अंगणापर्यंत हलगी यायला तीन महिने लागले.

काही जण हेच काम काठी आणि काटेरी लगाम वापरून पंधरा दिवसांत करतात. काटेरी लगामाला १९६५ च्या केंद्रीय नियमांनी बंदी आहे, तरी तो दिसतो. ग्रीक लेखक झेनोफन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच बजावले होते की घोड्याजवळ रागाने जाऊ नये. हे मी वडिलांना वाचून दाखवले तेव्हा ते म्हणाले, "त्याच्याकडं बी वरातीचीच घोडी व्हती का गं?"

अलीकडे बँडची जागा डीजेने घेतली आहे आणि तेथे हलगीची शिकवण कमी पडते. त्याचा दणका कानाला लागतो तसाच छातीलाही, आणि घोडी थरथरू लागते. वडिलांच्या अटी ठरलेल्या आहेत : डीजे शंभर पावले मागे, घोडीजवळ फटाके नाहीत, लगाम घरच्याच माणसाच्या हातात. या अटींमुळे गेल्या लग्नसराईत दोन सुपाऱ्या परत गेल्या. आईचे म्हणणे, अटी सोडा नाही तर घोडी विका. पोरीचे तिसरे वर्ष यायचे आहे. वडील म्हणतात, बुजलेली घोडी नवरदेवासकट गर्दीत घुसली तर कोणाला तोंड दाखवायचे? माझ्या फीचा प्रश्न असल्याने मला मध्ये बोलता येत नाही, पण मला वडिलांचे पटते.

माळेगावला तिला न्यायचे की नाही, हे अजून ठरलेले नाही. तोवर नालबंदाला निरोप धाडला आहे. खुरे सहा ते आठ आठवड्यांनी कापावीच लागतात, आणि चंद्रीचा सातवा आठवडा चालू आहे.