नगराची सुवाच्यता : मुंबईची स्थलनामे आणि पर्यटक

एखादे महानगर पर्यटकांना अधिक आकर्षक कसे करावे, या प्रश्नाचा विचार आपल्याकडे बहुधा वाहतूक, निवास आणि स्वच्छता या तीन अंगांनी होतो. ही अंगे महत्त्वाची आहेत, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु या तिन्ही बाबतींत संपन्न असलेले शहरही परक्या माणसाला मुके वाटू शकते. तो हिंडतो, इमारती पाहतो, छायाचित्रे घेतो आणि शहराशी परिचय न होताच परत जातो. शहर बोलके होते ते प्रथम त्याच्या नावांतून. आणि नावे हा भाषेच्या अभ्यासकाचा विषय आहे. म्हणून प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या केवळ भाषिक अंगाचा, मुंबईच्या उदाहरणाने, विचार करावयाचे योजिले आहे.

१. सुवाच्यतेची कल्पना

केव्हिन लिंच या अमेरिकन नगररचनाशास्त्रज्ञाने १९६० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'द इमेज ऑफ द सिटी' या ग्रंथात शहराची 'सुवाच्यता' ही कल्पना मांडली. बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस या तीन शहरांतील लोकांच्या मनांत त्यांच्या शहराचे चित्र कसे असते, याचा त्याने शोध घेतला. मार्ग, कडा, विभाग, नाकी आणि ठळक खुणा अशा पाच घटकांतून हे चित्र घडते, असे त्याचे प्रतिपादन आहे. ज्याचे हे घटक स्पष्ट ते शहर सुवाच्य. आणि सुवाच्य शहरात परका माणूस निर्धास्त वावरतो.

लिंचचे विवेचन मुख्यतः दृश्य रूपाविषयी आहे. त्याला भाषिक जोड मिळाली ती पुढे. लँड्री आणि बूर्ही यांनी १९९७ साली 'भाषिक भूदृश्या'ची संकल्पना मांडली. रस्त्यांवरील फलक, स्थलनामे, दुकानांच्या पाट्या आणि सरकारी सूचना यांच्या समुच्चयास त्यांनी हे नाव दिले व त्याची दोन कार्ये सांगितली : एक माहिती देण्याचे, दुसरे प्रतीकाचे. फलक वाट दाखवितो. त्याचबरोबर ही भूमी कोणत्या भाषेची, कोणत्या लोकांची, हेही सांगतो. पर्यटकाला पहिल्या कार्याची गरज तत्काळ भासते. शहराची ओढ लागते ती मात्र दुसऱ्या कार्यामुळे.

२. नावांतील शहर

आजच्या दक्षिण मुंबईच्या जागी एके काळी सात बेटे होती. भरती-ओहोटीचे पाणी त्यांच्यामध्ये खेळत असे. ती बेटे भराव घालून केव्हाच एक झाली, पण नावांनी ती जुनी भूमी जपून ठेवली आहे. पायधुनी हे पाय धुण्याचे ठिकाण. उंबरखाडीच्या नावात खाडी आहे आणि उंबरही. डोंगरी उंचवट्याची साक्ष देते. मांडवी म्हणजे जकातीचे ठाणे. ही चारही ठिकाणे पायी फिरता येण्याइतक्या अंतरात आहेत, आणि आज त्यांपैकी एकाही ठिकाणी नावातील वस्तू दिसत नाही. म्हणूनच तेथे नाव हेच स्मारक होय.

वृक्षांविषयीही असेच म्हणता येईल. चिंचपोकळी, वडाळा, ताडदेव, फणसवाडी ही नावे एकापुढे एक ठेवली असता गिरण्या आणि चाळी उभ्या राहण्यापूर्वीच्या वनश्रीचा आराखडा डोळ्यांपुढे येतो. कामाठीपुरा हे नाव कामाठी मजुरांच्या वस्तीचे. चर्चगेट हे किल्ल्याच्या एका दरवाज्याचे नाव. किल्ल्याची तटबंदी १८६० नंतरच्या काही वर्षांत पाडण्यात आली. दरवाजा गेला आणि नाव रेल्वे स्थानकाला चिकटून राहिले. या सर्व माहितीचा एक शब्दही त्या त्या ठिकाणी गेलेल्या पाहुण्याला सहसा वाचावयास मिळत नाही.

३. एक स्थळ, अनेक नावे

सुवाच्यतेला पहिली बाधा येते ती नामबाहुल्याने. १८५३ साली जेथून ठाण्याकडे पहिली आगगाडी सुटली, ते बोरीबंदर. तेथे स्टीव्हन्सच्या आराखड्याप्रमाणे उभ्या राहिलेल्या भव्य वास्तूस १८८७ साली व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव मिळाले. १९९६ साली ते छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ साली त्यात 'महाराज' या पदाची भर पडली. २००४ पासून ही वास्तू जागतिक वारसा म्हणून मान्य आहे. तिच्या शोधात निघालेल्या पाहुण्याच्या जुन्या मार्गदर्शिकेत एक नाव असते, तिकिटावर दुसरे असते आणि टॅक्सीवाल्याच्या तोंडी 'व्ही. टी.' असते. नामांतर योग्य की अयोग्य, हा येथील प्रश्न नाही. समाजाला आपल्या स्थळांची नावे ठरविण्याचा अधिकार आहेच. प्रश्न एवढाच की, या नावांचा परस्परसंबंध सांगण्याची जबाबदारी कोणी घेतलेली दिसत नाही.

नामांतर झाले नसले तरी रूपांतर असतेच. उपनगरी गाडीतील उद्घोषणा मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत होते. त्यात मराठीतील 'वांद्रे' हिंदीत 'बांद्रा' होते, 'शीव'चे 'सायन' होते. 'परळ' आणि 'भायखळा' यांतील ळकार तर प्रमाण हिंदीच्या वर्णव्यवस्थेत नाहीच. भाषाभेदाने रूपभेद व्हावा, हे स्वाभाविक आहे. परंतु 'शीव' आणि 'सायन' ही दोन स्थानके नव्हेत, हे नवख्या श्रोत्याने कशावरून ओळखावे?

४. रोमन लेखनाची अडचण

परदेशी पाहुणा नावे वाचतो ती रोमन लिपीत. चिन्हांवाचून लिहिलेल्या रोमन लिपीत त आणि ट, द आणि ड, ल आणि ळ हे भेद दाखविता येत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचीही तीच गत. त्यामुळे 'दादर'चे 'डाडर' होते आणि 'ठाणे' हे इंग्रजी वाचनपद्धतीने 'थेन' असे उच्चारले जाते. असा उच्चार केल्यावर स्थानिक माणसाला तो कळत नाही, आणि वाट विचारणाऱ्याचा पुन्हा विचारण्याचा धीर सुटतो.

भौगोलिक नावांच्या प्रमाणीकरणासाठी संयुक्त राष्ट्रांची पहिली परिषद १९६७ साली जिनीव्हा येथे भरली. भारतीय लिप्यांच्या रोमन लिप्यंतराचे एक आंतरराष्ट्रीय मानक २००१ साली प्रसिद्ध झाले. अर्थात शास्त्रीय लिप्यंतरातील टिंबे आणि रेषा सामान्य प्रवाशाला उमजणार नाहीत. त्यासाठी ध्वनिमुद्रित उच्चार हाच सोपा उपाय आहे, आणि खिशातील फोनमुळे तो आता कठीण राहिलेला नाही.

५. व्युत्पत्तीचा विवेक

नावांचा अर्थ सांगू लागताच लोकव्युत्पत्तीचा धोका उभा राहतो. मुंबईच्या जुन्या इंग्रजी नावाची 'बों बाइया', म्हणजे 'चांगला उपसागर', अशी पोर्तुगीज व्युत्पत्ती वारंवार सांगितली जाते. पोर्तुगीज भाषेत उपसागरवाचक 'बाइया' हा शब्द स्त्रीलिंगी आहे. त्याचे विशेषण 'बोआ' असावयास हवे. 'बों' हे पुल्लिंगी रूप तेथे व्याकरणदृष्ट्या बसत नाही. शिवाय जुन्या पोर्तुगीज लेखनात हे नाव 'बोंबाइं' असे अनुनासिकान्त आढळते. तेव्हा मुंबादेवीशी निगडित असलेल्या देशी नावाचेच हे परकीय कानांनी ऐकलेले रूप होय, असे मानणे अधिक सयुक्तिक आहे.

ही केवळ पंडिती चर्चा नव्हे. चुकीची व्युत्पत्ती पाहुण्याला सांगितली, म्हणजे या शहराला नावसुद्धा समुद्रापलीकडून आलेल्यांनी दिले, अशी समजूत घेऊन तो जातो. येथील कोळ्यांची देवी त्या कथेतून नाहीशी होते. शीवेची कथाही अशीच आहे. मुंबई बेट आणि साष्टी यांच्या सीमेवरील गाव म्हणून 'शीव' हे नाव सरळ उलगडते. पण त्याच्या इंग्रजी रूपावरून बायबलातील डोंगराकडे बोट दाखविले जाते. 'अपोलो बंदर' हे नाव ऐकून ग्रीक देवाची आठवण होणे साहजिक आहे. वस्तुतः 'पालवा बंदर' या नावाचे ते रूपांतर होय. भेंडी बाजाराची व्युत्पत्ती कोणी भेंडीच्या झाडांवरून लावतात, तर कोणी इंग्रजी शब्दसमूहावरून. अशा ठिकाणी दोन्ही मते नोंदवून थांबणे हेच शास्त्राला धरून आहे. मतभेद प्रामाणिकपणे सांगितल्याने पाहुण्याचे कुतूहल कमी होत नाही.

६. नावे येथे, वस्तू तेथे

घारापुरी बेटाला पोर्तुगीजांनी 'एलिफंटा' हे नाव दिले, ते तेथे असलेल्या एका दगडी हत्तीवरून. हा हत्ती भंगला. १८६४ साली त्याचे अवशेष भायखळ्याच्या राणीच्या बागेत आणण्यात आले व १९१४ साली ते पुन्हा जुळविण्यात आले. दुसरे उदाहरण काळ्या घोड्याचे. त्या भागाचे नाव सातव्या एडवर्डच्या, तो युवराज असतानाच्या, अश्वारूढ पुतळ्यावरून पडले. पुतळा १८७९ साली बसविला गेला आणि १९६५ साली हलविला गेला, तोही राणीच्या बागेतच. काळ्या घोड्याच्या जागी २०१७ साली स्वाराविना नवा घोडा उभा राहिला.

म्हणजे शहरातील दोन प्रख्यात नावांचे मूळ विषय आज भायखळ्याला एकाच उद्यानात, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या परिसरात, आहेत. गेटवेहून होडीने घारापुरीला जाणाऱ्या प्रवाशाला हे कळले, तर त्यांतील काहींची पावले भायखळ्याकडे वळल्यावाचून राहणार नाहीत. पर्यटनाची वाढ म्हणतात ती याहून निराळी नाही. त्यासाठी नवे काही बांधावयाचे नाही. असलेल्या दोन स्थळांमधील नाते तेवढे शब्दांत मांडावयाचे आहे.

७. काही सूचना

वरील विवेचनावरून पुढील सूचना निष्पन्न होतात. रेल्वे, मेट्रो, बस आणि नकाशे या सर्वांनी प्रत्येक स्थळाचे एकच प्रमाण मराठी रूप व त्याचे एकच रोमन लेखन वापरावे. नाव बदलले असल्यास पूर्वीचे नाव काही काळ लहान अक्षरांत सोबत द्यावे. जुन्या स्थळी नावाचा अर्थ सांगणारा चार ओळींचा फलक असावा आणि त्यात निश्चित, संभाव्य व केवळ लोकप्रचलित असा भेद स्पष्ट केलेला असावा. लंडनमध्ये थोरांच्या निवासस्थानांवर फलक लावण्याचा उपक्रम १८६६ साली सुरू झाला आणि आजही चालू आहे. तेथे जे व्यक्तींसाठी केले, ते येथे नावांसाठी करता येईल. शेवटी, पाण्याची नावे, वृक्षांची नावे, व्यवसायांची नावे अशा सूत्रांवर पायी फिरण्याचे मार्ग आखावेत.

यावर एक आक्षेप संभवतो. पाहुण्यासाठी नावे सजविली, तर शहर हे प्रदर्शन होऊन बसेल. आक्षेप गंभीर आहे. त्याचे उत्तर कार्यपद्धतीत शोधावे लागेल. फलकावरील मजकूर कार्यालयात बसून लिहिता कामा नये. उंबरखाडीत, मांडवीत, कोळीवाड्यांत राहणारे लोक आपल्या जागेला काय म्हणतात, कसे उच्चारतात आणि कोणती कथा सांगतात, याची नोंद प्रथम व्हावयास हवी. ते काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगे आहे, आणि ते लवकर व्हावयास हवे. पुनर्विकासात वाड्या आणि गल्ल्या नाहीशा होत आहेत. नव्या इमारतींना नवी नावे मिळत आहेत. फलकावर न चढलेले, नकाशात नसलेले नाव शेवटच्या बोलणाऱ्याबरोबर जाते. पुढे ते पाहुण्याला सांगता येणार नाही, आणि आपल्या मुलांनाही सांगता येणार नाही.