पदवीचा अंतिम वर्ग कसा ठरतो? : श्रेयांक, श्रेणीगुण व टक्केवारी यांचा परस्परसंबंध

प्रस्तावना :

पदवी प्रमाणपत्रावरील 'प्रथम वर्ग' किंवा 'द्वितीय वर्ग' हे शब्द विद्यार्थ्याच्या पुढील शिक्षणावर आणि नोकरीवर दीर्घकाळ परिणाम करतात. वार्षिक परीक्षा पद्धतीत हा वर्ग काढणे सोपे होते. सर्व विषयांतील गुणांची बेरीज करावयाची, तिची टक्केवारी काढावयाची आणि ६० टक्के असल्यास प्रथम वर्ग द्यावयाचा. विद्यार्थ्याला हा हिशेब घरीच करता येत असे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये निवडीवर आधारित श्रेयांक पद्धतीची मार्गदर्शक तत्त्वे विद्यापीठांकडे पाठविली आणि त्यानंतर ही पद्धत महाविद्यालयांत रुजली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने श्रेयांकांचे महत्त्व आणखी वाढविले. मात्र गुण, श्रेणी, श्रेणीगुण आणि टक्केवारी हे चार शब्द आजही अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात. अंतिम निकाल कोणत्या टप्प्यांनी तयार होतो आणि त्या प्रवासात मूळ गुणांचे काय होते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

गणनेचे टप्पे :

पहिल्या टप्प्यात प्रत्येक विषयातील गुणांचे श्रेणीत रूपांतर होते. आयोगाच्या दहा गुणांच्या मापनश्रेणीत 'ओ' श्रेणीला १०, 'ए प्लस'ला ९, 'ए'ला ८, 'बी प्लस'ला ७, 'बी'ला ६, 'सी'ला ५ व 'पी'ला ४ श्रेणीगुण आहेत. अनुत्तीर्ण व अनुपस्थित विद्यार्थ्यास शून्य श्रेणीगुण मिळतो.

दुसऱ्या टप्प्यात विषयाचा श्रेणीगुण त्या विषयाच्या श्रेयांकांनी गुणिला जातो. सत्रातील अशा सर्व गुणाकारांच्या बेरजेला एकूण श्रेयांकांनी भागिले असता सत्राची सरासरी, म्हणजे एसजीपीए, मिळते. तिसऱ्या टप्प्यात प्रत्येक सत्राची सरासरी त्या सत्राच्या श्रेयांकांनी गुणून, सर्व सत्रांची बेरीज करून तिला एकूण श्रेयांकांनी भागितात. ही अंतिम सरासरी म्हणजे सीजीपीए होय. दोन्ही सरासऱ्या दोन दशांश स्थळांपर्यंत द्याव्यात, असे आयोगाची तत्त्वे सांगतात.

तिसऱ्या टप्प्यात एक चूक वारंवार आढळते, ती म्हणजे सत्रांची साधी सरासरी काढणे. समजा, पहिल्या सत्रात २४ श्रेयांक व ६.०० सरासरी आहे आणि दुसऱ्या सत्रात २० श्रेयांक व ७.०० सरासरी आहे. साधी सरासरी ६.५० येते. योग्य उत्तर मात्र १४४ अधिक १४० म्हणजे २८४ भागिले ४४, अर्थात ६.४५ आहे. सर्व सत्रांचे श्रेयांक समान असतील तरच दोन्ही उत्तरे जुळतात.

समान गुण, असमान निकाल :

पद्धतीचा खरा परिणाम पहिल्या टप्प्यात दडलेला आहे. उदाहरणापुरते असे मानू की, ६० ते ६९ गुणांना ८, ५५ ते ५९ गुणांना ७ आणि ५० ते ५४ गुणांना ६ श्रेणीगुण आहेत. सत्रात प्रत्येकी चार श्रेयांकांचे व १०० गुणांचे पाच विषय आहेत.

विद्यार्थी 'क' याचे गुण ६०, ६०, ६०, ५५ व ५५ असे आहेत. बेरीज २९०, म्हणजे ५८ टक्के. त्याचे श्रेणीगुण ८, ८, ८, ७ व ७ असल्याने सत्राची सरासरी ७.६० येते.

विद्यार्थिनी 'ख' हिचे गुण ६९, ५९, ५४, ५४ व ५४ असे आहेत. बेरीज २९० च आहे. तिचे श्रेणीगुण मात्र ८, ७, ६, ६ व ६ असल्याने सरासरी ६.६० येते.

एकूण गुण तेवढेच असूनही निकालात पूर्ण एका अंकाचे अंतर पडले. याच्याही पुढे जाऊन, ६०, ६०, ५५, ५५ व ५५ असे २८५ गुण मिळविणाऱ्या तिसऱ्या विद्यार्थ्याची सरासरी ७.४० येते, म्हणजे पाच गुण कमी असूनही तो 'ख'च्या पुढे जातो. ६० चे ६९ झाले तर सरासरीत काहीच भर पडत नाही. उलट ५४ चे ५५ झाले तर एका गुणाने या सत्राची सरासरी ०.२० ने वाढते. सीमारेषेवरील एका गुणाचे मोल असे असते.

टक्केवारीत रूपांतर :

अनेक अर्जांत आजही टक्केवारी विचारली जाते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या समतुल्यता तक्त्यात ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६० टक्के आणि ७.७५ म्हणजे ७० टक्के धरले आहेत. सरासरीतून ०.७५ वजा करून दहाने गुणावे, हे त्यामागील सूत्र होय. काही ठिकाणी थेट दहाने गुणण्याचा प्रघात आहे. 'क'ची ७.६० ही सरासरी अंतिम मानली, तर परिषदेच्या सूत्राने ६८.५ टक्के व थेट दहाने गुणिल्यास ७६ टक्के येतात. 'ख'चे अनुक्रमे ५८.५ व ६६ टक्के होतात. दोघांचे प्रत्यक्ष गुण मात्र ५८ टक्केच आहेत. श्रेणी देताना जी माहिती एकदा गळून पडते, ती कोणतेही सूत्र परत आणू शकत नाही, हाच याचा अर्थ.

हा प्रश्न केवळ गणिताचा नाही. पदव्युत्तर पदवीच्या आधारे राष्ट्रीय पात्रता परीक्षेस बसणाऱ्या खुल्या प्रवर्गातील उमेदवारास किमान ५५ टक्के गुण लागतात आणि तेथे ५४.९९ चे ५५ करता येत नाहीत. परिषदेच्या तक्त्यानुसार ही सीमा ६.२५ आहे. ६.२४७ ही सरासरी नियमाप्रमाणे दोन स्थळांपर्यंत दिल्यास ६.२५ होते, तर पुढील अंक नुसता छाटल्यास ६.२४ राहते. सीमारेषेवरील विद्यार्थ्याची पात्रता अशा एका अंकावर अवलंबून राहू शकते.

निष्कर्ष व सूचना :

श्रेणी पद्धतीचा हेतू एक-दोन गुणांच्या स्पर्धेला आळा घालण्याचा होता. त्या स्पर्धेचा भार आता प्रत्येक विषयातील श्रेणीच्या सीमारेषेवर आला आहे. त्या दृष्टीने पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

१. गुणपत्रिकेवर श्रेणीसोबत मूळ गुणही छापले जावेत.

२. टक्केवारीचे अधिकृत सूत्र विद्यापीठाने गुणपत्रिकेच्या मागील बाजूस द्यावे आणि विद्यार्थ्याने अर्जात तेच वापरावे.

३. दशांश स्थळे कमी करण्याची क्रिया सर्वांत शेवटी व एकदाच व्हावी.

४. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण पाठविण्यापूर्वी श्रेणीच्या सीमेलगतच्या उत्तरपत्रिका पुन्हा तपासल्या जाव्यात. हेतू गुण वाढविण्याचा नसून बेरीज व न तपासलेली उत्तरे पाहण्याचा असावा.

५. प्रथम सत्राच्या आरंभीच विद्यार्थ्यांकडून एका काल्पनिक निकालाची गणना करवून घ्यावी.

विद्यार्थ्याला आपला निकाल स्वतः पडताळून पाहता येणे, हा परीक्षा पद्धतीवरील विश्वासाचा पाया आहे. तो टिकविण्याची पहिली जबाबदारी वर्गात शिकविणाऱ्या शिक्षकाचीच आहे.