विश्लेषण : दाभोलकरांचे मारेकरी सापडले, सूत्रधार कुठे?

अमळनेर : साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. पुढे 15 ऑगस्ट 1948 रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. त्याच ‘साधना’चे संपादक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला. दोघांना जन्मठेप झाली, तरी प्रकरण उलगडले असे म्हणता येत नाही. का?

तपास कसा भरकटला?

सकाळी फिरायला निघालेल्या 67 वर्षांच्या दाभोलकरांवर ओंकारेश्वर मंदिराजवळच्या पुलावर दोघांनी गोळ्या झाडल्या. पुणे पोलिसांनी आधी दोन शस्त्रविक्रेत्यांना पकडले. त्यातून काही निघाले नाही. 2014 मध्ये उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. सीबीआयच्या 2016 च्या दोषारोपपत्रात मारेकरी म्हणून दोन फरार संशयितांची नावे होती. दोन वर्षांनी ती बदलली! धागा मिळाला कर्नाटकातून. पत्रकार गौरी लंकेश यांच्या खुनाचा तपास तिथली एसआयटी करत होती. ऑगस्ट 2018 मध्ये महाराष्ट्र एटीएसने नालासोपाऱ्यात शस्त्रसाठा पकडला आणि शरद कळसकर, सचिन अंदुरे ही नावे पुढे आली. म्हणजे पुण्यातला खून पाच वर्षांनी, दुसऱ्या खुनाच्या तपासातून उकलू लागला.

न्यायालय काय म्हणाले?

10 मे 2024 रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने या दोघांना दोषी ठरवले. कटाचा आरोप असलेल्यासह तिघे पुराव्याअभावी सुटले. मात्र, हे दोघे सूत्रधार नाहीत, खरा सूत्रधार दुसराच आहे आणि तो शोधण्यात पुणे पोलीस व सीबीआय अपयशी ठरले, असे न्यायालयाने निकालपत्रात स्पष्ट नोंदवले. तपास यंत्रणांना यापेक्षा कडक शेरा कोणता मिळणार?

इतरत्र काय झाले?

राजकीय खुनात गोळी झाडणारा एक आणि सांगणारा दुसरा, हे जगभर दिसते. इराणमधील कुर्दिश नेते अब्दुल रहमान कासेमलू यांना 13 जुलै 1989 रोजी व्हिएन्नात वाटाघाटींच्या बैठकीतच मारले गेले. संशयित ऑस्ट्रियातून निघून गेले, खटला कधी उभाच राहिला नाही. त्यांचे उत्तराधिकारी सादिक शरफकंदी यांचा 1992 मध्ये बर्लिनच्या एका रेस्टॉरंटमध्ये खून झाला. तिथे मात्र 1997 मध्ये जर्मन न्यायालयाने मारेकऱ्यांवर न थांबता, आदेश इराणच्या सर्वोच्च नेतृत्वाकडून आल्याचा निष्कर्ष नोंदवला.

पुढे काय?

पुण्याच्या निकालाविरुद्धची अपिले मुंबई उच्च न्यायालयात गेली. तिघांच्या सुटकेला दाभोलकर कुटुंबानेही तिथेच आव्हान दिले.