वऱ्हाडांतील संगणकवर्ग

दहावीची परीक्षा संपली, कीं अमरावती व अकोला येथील संगणकवर्गांपुढें सायकलींची गर्दी होऊं लागते. निकाल लागेपर्यंतच्या रिकाम्या दिवसांत मुलांनीं ‘एमएस-सीआयटी’ उरकून घ्यावी, हा पांढरपेशा घरांत आतां जवळजवळ रिवाजच पडला आहे.

हा अभ्यासक्रम महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन या संस्थेचा. राज्य शासनाच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या पुढाकारानें ती २००१ सालीं निघाली. तिच्या भागधारकांत शासनाबरोबर विद्यापीठेंही आहेत. तालुक्यातालुक्यांत संगणक शिकवावयाचा, तर सरकारी इमारती बांधाव्या किंवा सारें काम व्यापाऱ्यांवर सोपवावें, असे दोन मार्ग सहज सुचतात. संस्थेनें तिसराच धरला. अभ्यासक्रम व पडद्यावरील पाठ मध्यवर्ती संस्थेचे. परीक्षा राज्य तंत्रशिक्षण मंडळाची. आणि जागा, यंत्रें, वीज व शिक्षक यांची तजवीज स्थानिक केंद्रचालकाची. शुल्काची वांटणी होते. व्यापारांत याला फ्रँचाइझ म्हणतात. शब्द परका असला, तरी रीत वऱ्हाडाला परकी नाहीं. टंकलेखनाचे वर्ग बव्हंशीं असेच चालत. मालक गांवचा, परीक्षा सरकारची.

केंद्रचालक ओळखीचा असतो, हें या रीतीचें मोठें बळ. मुलीला संध्याकाळच्या वर्गाला पाठवितांना आईबापांना त्याचें घर ठाऊक असतें. मागें भारनियमनाच्या वर्षांत वीज केव्हां जाते हें पाहून वर्गाच्या वेळा बदलणें पुण्याहून थोडेंच जमणार होतें!

वऱ्हाडची खरी अडचण निराळी आहे. कापूस विकून घरांत पैसा येतो तो दिवाळीच्या सुमारास व पुढें. आणि मुलांना सुटी पडते ती वैशाखांत, जेव्हां उरलासुरला पैसा बियाण्याखतासाठीं राखून ठेवावा लागतो. कांहीं हजारांचें शुल्क त्या वेळीं एकरकमी भरणें कोरडवाहू शेतकऱ्याला जड जातें. कोणाचा हप्ता किती दिवस थांबवावयाचा, हें केंद्रचालकाला त्या त्या घराकडे पाहून ठरवावें लागतें. समाजहिताचा धंदा म्हणतात, त्याची कसोटी येथें लागते.

दुसरा धोका दाखल्याचा. अनेक शासकीय पदांसाठीं संगणकज्ञानाचें प्रमाणपत्र लागतें; त्यामुळें दाखल्यापुरतें शिकणारे पुष्कळ. चालकाचें उत्पन्न प्रवेशांच्या संख्येवर, म्हणून प्रश्नोत्तरें पाठ करवून घेण्याचा मोह त्यालाही होण्याजोगा आहे. परीक्षा दुसऱ्याच्या हातीं असणें हा त्यावर लगाम खरा, पण अपुरा.

१९९९ सालीं दिल्लीच्या कालकाजी भागांत सुगत मित्रा यांनीं झोपडवस्तीलगतच्या भिंतींत एक संगणक बसविला. शिक्षक नव्हता, तरी मुलें पाहतां पाहतां तो चालवूं लागलीं. घरोघरीं मोबाइल आल्यावर तर नुसतें यंत्र चालविणें हें शिकविण्यासारखें फारसें उरलेंच नाहीं. शुल्क द्यावयाचें तें मूल आपण होऊन जें शिकत नाहीं, त्यासाठीं. मराठी टंकलेखनच घ्या. मोबाइलवर मुलें सर्रास रोमन अक्षरांत मराठी लिहितात. इनस्क्रिप्ट कळफलकावर मात्र स्वर डाव्या हाताकडे, व्यंजनें बहुतेक उजव्या हाताकडे. क आणि ख एका कळीवर, त आणि थ एका कळीवर. वर्णमाला पक्की असलेल्या मुलाला ही मांडणी समजण्यास वेळ लागत नाहीं. हात बसण्यास मात्र रोजचा सराव हवा, आणि तो घरीं होत नाहीं. हिशेबाच्या तक्त्याचेंही तसेंच. कापसाचे क्विंटल, भाव, वेचणीची मजुरी व गाडीभाडें मांडून शेवटीं किती उरलें, हें बापाच्या वहीवरून मुलीला काढतां यावें.

प्रवेशापूर्वीं पालकांनीं केंद्रांत जाऊन एवढें पाहावें: चालू यंत्रें किती आहेत, वर्ग सुटल्यावर सरावाला बसूं देतात कीं नाहीं, आणि एखादा मराठी अर्ज मुलांकडून त्याच कळफलकावर लिहून घेतात कीं नाहीं.