हवा हवी, धूळ नको
लेखमाला : पिकअप ट्रक आणि वरखर्च – भाग 5

मागील भागात टायर झाले. आता बॉनेट उघडायचे. अमेरिकेतला हौशी पिकअपमालक सुरुवातीलाच ज्या गोष्टींवर पैसे घालतो, त्यांत एअर इनटेक हमखास असतो. कंपनीचा काळा प्लास्टिकचा डबा निघतो आणि जागेवर जाड नळी व शंकूच्या आकाराचा फिल्टर येतो. इंजिनाचा आवाज भारदस्त होतो, आणि आवाज वाढला की ताकदही वाढल्यासारखी वाटते.

ती खरेच वाढते का?

एक लिटर पेट्रोल पुरते जळायला सुमारे 11 किलो, म्हणजे जवळजवळ 9 हजार लिटर हवा लागते. हवा 3 अंश सेल्सिअसने थंड झाली की तिची घनता साधारण 1 टक्क्याने वाढते. ‘कोल्ड एअर इनटेक’चा सगळा दावा या हिशेबावर उभा आहे. पण आजच्या बहुतेक पिकअपमध्ये कंपनीचा डबाही बाहेरचीच थंड हवा घेतो. उलट उघडा शंकू बॉनेटखाली बसवला, तर इंजिनाने तापवलेली हवाच पुन्हा आत जाते. इनटेक बदलायचाच असेल तर बंद डब्याचा घ्यावा.

मायलेजची आशाही बेताचीच ठेवावी. टेनेसीतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 मध्ये चोंदलेले फिल्टर लावून गाड्या तपासल्या. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांच्या मायलेजमध्ये लक्षणीय फरक पडला नाही, कारण जेवढी हवा येते तेवढेच इंधन संगणक सोडतो. वेग पकडायला मात्र जास्त वेळ लागला.

खरी निवड फिल्टरची. कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइडमध्ये 1969 साली सुरू झालेल्या ‘के अँड एन’ने तेल लावलेला सुती फिल्टर लोकप्रिय केला. तो धुऊन पुन्हा वापरता येतो आणि हवेला अडथळा कमी करतो. पण धुतल्यावर तेल जास्त झाले, तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तापत्या तारेवर बसू शकते आणि मोजमाप चुकते. ही कटकट नको असलेल्यांसाठी तेलाविना चालणारे कृत्रिम धाग्यांचे फिल्टर आहेत. कंपनीचा कागदी फिल्टर दिसायला साधा, पण बारीक धूळ अडवण्यात सहसा सरस.

फिल्टरची परीक्षा ‘आयएसओ 5011’ या मानकाने होते. हवेला अडथळा किती, धूळ किती टक्के अडते आणि चोंदेपर्यंत किती धूळ मावते, हे तीन आकडे त्यातून मिळतात. 99 टक्के आणि 97 टक्के यांत फरक दोनाचाच दिसतो. पण आत जाणारी धूळ 1 ऐवजी 3 टक्के, म्हणजे तिप्पट होते. ही धूळ टर्बोची पाती, पिस्टन रिंगा आणि सिलिंडर झिजवते. बदललेल्या ऑइलची प्रयोगशाळेत तपासणी करून सिलिकॉनचे प्रमाण वाढलेले आढळले, तर पहिला संशय फिल्टरवर किंवा नळीच्या सैल क्लॅम्पवर घ्यावा.

कागदी फिल्टरला कॉम्प्रेसरने हवा मारून तोच परत बसवण्याची आपल्याकडच्या गॅरेजांची सवयही महागात पडते. जोराच्या हवेने कागदाला न दिसणारी छिद्रे पडतात. शिवाय थोडी धूळ बसलेला फिल्टर नव्यापेक्षा अधिक बारीक कण अडवतो, त्यामुळे त्याला सारखे छेडण्याची गरज नसते.

कायद्याचीही बाजू आहे. कॅलिफोर्नियात इनटेकवर राज्याच्या वायू संसाधन मंडळाचा मंजुरी क्रमांक नसेल, तर धूर तपासणीत गाडी नापास होऊ शकते. वॉरंटीबाबत 1975 चा मॅग्नसन-मॉस कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे. केवळ बाहेरचा भाग बसवला एवढ्यावरून कंपनीला दावा फेटाळता येत नाही; बिघाड त्याच भागामुळे झाला, हे तिला दाखवावे लागते.

तेव्हा हायवेवर आणि ओझे वाहण्यासाठी कंपनीचा कागदी फिल्टर वेळेवर बदलणे पुरे. शेत, खाण किंवा वाळवंट असेल तर बंद डब्यातला, मोठ्या आकाराचा कोरडा फिल्टर घ्यावा. तेलाचा सुती फिल्टर शर्यतीच्या गाडीला शोभतो. विक्रेता ‘आयएसओ 5011’चे आकडे देत नसेल, तर पैसे खिशातच राहू द्यावेत.

(पुढील भागात : सायलेन्सर आणि एक्झॉस्ट)