फाइल एवढी जड का झाली?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पालीसारख्या तालुक्याच्या गावात आता कागदपत्रांची सुरुवात संगणकावरच होते. शाळेचा अहवाल असो, पतपेढीच्या वार्षिक सभेची सूचना असो, वकिलांनी केलेला मसुदा असो की माघी उत्सवाची पत्रिका, मजकूर आधी वर्डच्या फाइलमध्ये उतरतो आणि मग छापखान्याकडे, कचेरीकडे किंवा मुंबईतल्या एखाद्या सदस्याकडे ईमेलने रवाना होतो. अडचण येते ती या रवानगीच्या वेळी. पाने अवघी चाळीस, आणि फाइल पन्नास एमबीची! ईमेल ती स्वीकारत नाही. पावसाळ्यात नेट रडतखडत चालत असेल तर ती अर्ध्यावर अडकते. संगणकावर उघडायलाही दोन-दोन मिनिटे लागतात.

अशा वेळी बहुतेक जण फाइल पेन ड्राइव्हवर घालून मोकळे होतात. काम भागते, पण मूळ प्रश्न तसाच राहतो. चाळीस पानांच्या मजकुराला एवढे वजन आले कुठून? याचे उत्तर शोधणे दोन कारणांसाठी गरजेचे आहे. एक तर फाइल हलकी होऊन वेळेवर पोचते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. फाइलमध्ये आपल्याला न दिसणारे जे काही बसलेले असते, तेही आपण समोरच्याच्या हाती देत असतो.

आधी अक्षरांचे वजन पाहू. संगणकाच्या साठवणीचे माप म्हणजे बाइट. साधारण हजार बाइटांचा एक केबी आणि हजार केबींचा एक एमबी. आजच्या फाइलींत युनिकोडची जी पद्धत सर्वाधिक वापरली जाते, तिच्यात रोमन लिपीच्या एका अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातला हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे. म्हणजे ‘पाली’ या शब्दाला चार चिन्हांचे बारा बाइट, आणि ‘बल्लाळेश्वर’ या शब्दाला अकरा चिन्हांचे तेहतीस बाइट. मराठी मजकूर इंग्रजीपेक्षा जड असतो असे म्हणतात ते या अर्थाने खरे आहे. पण हा जडपणा किती? एका पानावर दोन हजार चिन्हे धरली तरी फार तर सहा केबी होतात. चाळीस पानांचे दोनशे चाळीस केबी, म्हणजे पाव एमबीसुद्धा नाही. त्यातही वर्डची नवी फाइल साठवताना हा मजकूर आवळला जातो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा आणखी खाली येतो. तेव्हा फाइल पन्नास एमबीची झाली असेल, तर अक्षरांना दोष देता येणार नाही.

मग दोष कोणाचा? बहुतेक वेळा चित्रांचा. समजा, शाळेच्या स्मरणिकेत सरसगडाचे, अंबा नदीचे आणि स्नेहसंमेलनाचे मिळून बारा फोटो घातले. आजच्या साध्या मोबाइलचा एक फोटो चार हजार बिंदू रुंद आणि तीन हजार बिंदू उंच, म्हणजे एक कोटी वीस लाख बिंदूंचा असू शकतो. असा एक फोटो तीन ते पाच एमबी जागा घेतो. सरासरी चार धरली तर बारा चोक अठ्ठेचाळीस. पन्नास एमबीचा हिशेब इथेच जवळजवळ पुरा झाला.

यावर कोणी म्हणेल, ‘पण मी तर फोटो कोपऱ्याला धरून चांगला लहान केला होता!’ गोम इथेच आहे. माउसने कोपरा ओढला की फोटो पानावर लहान दिसतो, पण फाइलमधला मूळ फोटो आहे तेवढाच राहू शकतो. मोठी सतरंजी घडी घालून कोपऱ्यात ठेवली म्हणून तिचे वजन कमी होत नाही, तसेच हे. छपाईसाठी इंचाला तीनशे बिंदू भरपूर झाले. चार इंच रुंद फोटोला बाराशे बिंदू रुंदी आणि नऊशे उंची पुरते. हे झाले दहा लाख ऐंशी हजार बिंदू, म्हणजे मूळ फोटोच्या अकराव्या हिश्शाइतके. उरलेले बिंदू कागदावर दिसतही नाहीत, नुसते भाडे भरतात. वर्डच्या अलीकडच्या आवृत्त्या साठवताना फोटो थोडेफार आपणहून कमी करू शकतात. परंतु ‘हाय फिडेलिटी’ हा पर्याय निवडलेला असेल किंवा ती सोय बंद केलेली असेल, तर फोटो पूर्ण वजनासकट आत राहतात.

फोटो कापण्याचेही तसेच आहे. वर्डमध्ये ‘क्रॉप’ करून फोटोची कड काढली की ती दिसेनाशी होते, पण कायमची जातेच असे नाही. समजा, कोणी आपल्या आधार कार्डाचा फोटो अर्जात घातला आणि क्रमांकाचा भाग कापून फक्त चेहरा ठेवला. ज्याच्या हाती ती फाइल जाईल, तो कापलेला भाग पुन्हा उघडून क्रमांक वाचू शकतो. तेव्हा इथे वजन वाढते एवढेच नव्हे, तर झाकलेले उघडेही पडू शकते.

आता खास मराठीच्या वाट्याला आलेला एक प्रकार. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा आहे, पण आपल्याकडे पुष्कळ वर्षे श्रीलिपी, आकृती अशा प्रणालींच्या जुन्या फॉन्टांत काम चालले. हा फॉन्ट ज्याच्या संगणकावर नसेल, त्याला मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा काला दिसे. त्यावर लोकांनी एक सोपी युक्ती काढली. पान छापायचे, स्कॅन करायचे आणि ते चित्र वर्डच्या फाइलमध्ये डकवायचे. ही सवय कित्येक ठिकाणी आजही टिकून आहे. तिची किंमत पाहा. ए फोर आकाराचे पान इंचाला तीनशे बिंदूंनी स्कॅन केले तर सुमारे सत्याऐंशी लाख बिंदू होतात. रंगीत स्कॅन असेल तर न आवळता सव्वीस एमबी, करड्या छटांत पावणेनऊ एमबी आणि निव्वळ काळ्या-पांढऱ्यात एक एमबीच्या थोडे वर. आवळल्यावर हे आकडे बरेच उतरतात, हे खरे. पण तेच पान युनिकोडमध्ये टंकले तर सहा केबीत बसते. शिवाय चित्रातल्या मजकुरात शब्द शोधता येत नाही आणि एखादी वेलांटी चुकली तर दुरुस्तही करता येत नाही.

फॉन्ट नसण्याची हीच भीती मनात ठेवून काही जण फॉन्टच फाइलमध्ये गुंफतात. वर्डच्या ‘सेव्ह’च्या पर्यायांत ‘एम्बेड फॉन्ट्स’ अशी खूण असते. फॉन्टनुसार यामुळे फाइल काहीशे केबींपासून काही एमबींपर्यंत वाढू शकते. छापखान्यासाठी याचा उपयोग होतो. रोजच्या पत्रव्यवहारात मात्र ही खूण काढलेली बरी.

वजनाचे पुढचे कारण म्हणजे बाहेरून आणलेले तक्ते. एक्सेलमधला पाच ओळींचा तक्ता उचलून वर्डमध्ये ‘ऑब्जेक्ट’ म्हणून डकवला, तर पाहुणा एकटा येत नाही, सगळे बिऱ्हाड घेऊन येतो. दिसतात पाच ओळी, पण त्यांच्यामागे अख्खे वर्कबुक बसलेले असते. तक्त्यावर दोनदा क्लिक केले की ते उघडते. पतपेढीच्या सूचनेत नफ्या-तोट्याच्या पाच ओळी दाखवायच्या आणि त्यांच्यामागे सभासदांची खाती पाठवायची, असा प्रसंग यातून ओढवू शकतो. तक्ता साध्या मजकुराच्या किंवा चित्राच्या रूपात डकवला तर वजनही टळते आणि धोकाही.

चौथे कारण म्हणजे फाइलचा इतिहास. ‘ट्रॅक चेंजेस’ चालू असेल तर खोडलेला प्रत्येक शब्द फाइलमध्ये राहतो. तो पडद्यावरून लपवता येतो, पण लपवणे म्हणजे काढणे नव्हे. वर्ड २००३ पर्यंतच्या जुन्या डॉक फाइलींत ‘फास्ट सेव्ह’ नावाची आणखी एक सोय होती. संगणक मंद होते, म्हणून वेळ वाचवण्यासाठी वर्ड सगळी फाइल नव्याने न लिहिता फक्त बदल शेवटी जोडत असे. त्यामुळे खोडलेला मजकूर आत तसाच पडून राही आणि दहा पाने काढूनही फाइल वाढतच जाई. वर्ड २००७ मध्ये ही सोय राहिली नाही. जुन्या संग्रहात अशी डॉक फाइल सापडली तर ‘सेव्ह अ‍ॅज’ करून नव्या नावाने साठवावी. फाइल पुन्हा पहिल्यापासून लिहिली जाते आणि हा गाळ बहुधा निघून जातो.

हा दडलेला इतिहास किती महागात पडतो याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. २००३ च्या सुरुवातीला ब्रिटिश पंतप्रधानांच्या कार्यालयाने इराकविषयीचा एक अहवाल वर्डच्या फाइलच्या रूपातच संकेतस्थळावर ठेवला. ती फाइल शेवटच्या दहा वेळा कोणी साठवली याची नोंद तिच्या पोटातच होती. जाणकारांनी ती बाहेर काढली आणि ज्या कर्मचाऱ्यांची नावे कुठेही छापलेली नव्हती, ती जगापुढे आली. या नोंदीचे वजन नगण्य होते. पण फाइलमध्ये डोळ्यांना दिसते त्याहून जास्त असते, हा धडा त्यातून मिळाला.

आता प्रत्यक्ष शोध कसा घ्यायचा ते सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे फाइलची एक प्रत काढा आणि जे करायचे ते प्रतीवरच करा. ऑफिस २००७ पासून आलेली डॉकएक्स फाइल ही खरे तर एक झिप फाइल असते, म्हणजे अनेक लहान फाइलींचे आवळून बांधलेले गाठोडे. तिचे पहिले दोन बाइट रोमन ‘पी’ आणि ‘के’ असतात. झिप पद्धत काढणाऱ्या फिल कॅट्झ यांची ही आद्याक्षरे आहेत. प्रतीच्या नावाचे शेपूट डॉकएक्सऐवजी झिप असे करा. शेपूट दिसत नसेल तर विंडोजच्या ‘व्ह्यू’ यादीतून ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करा. मग गाठोडे उघडा. आत ‘वर्ड’ नावाचे फोल्डर दिसेल. त्यातल्या ‘डॉक्युमेंट’ नावाच्या फाइलीत आपला मजकूर, ‘मीडिया’ फोल्डरमध्ये चित्रे, ‘एम्बेडिंग्ज’मध्ये एक्सेलसारखे पाहुणे आणि ‘फॉन्ट्स’मध्ये गुंफलेले फॉन्ट असतात. आकारानुसार क्रम लावला की खरा आरोपी एका मिनिटात सापडतो. लिबरऑफिसची ओडीटी फाइलही अशीच झिपचे गाठोडे असते. तिची चित्रे ‘पिक्चर्स’ नावाच्या फोल्डरमध्ये मिळतात.

जुनी डॉक फाइल अशी उघडत नाही. तिथे निम्म्याने तोडण्याची रीत वापरावी. प्रतीतली अर्धी पाने काढा आणि नव्या नावाने साठवा. वजन एकदम उतरले तर आरोपी काढलेल्या अर्ध्यात आहे, नाही तर उरलेल्यात. पुन्हा त्याचे दोन भाग करा. नळाची गळती शोधताना प्लंबर एकेक भाग बंद करत जातो, तसेच हे काम. चाळीस पानांतून एका पानापर्यंत पोचायला पाच-सहा फेऱ्या पुरतात.

आरोपी सापडला की उपाय सोपा आहे. चित्रे असतील तर एखाद्या चित्रावर क्लिक करून ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ निवडा. ‘फक्त याच चित्रासाठी’ या अर्थाची खूण काढा आणि कापलेले भाग पुसून टाकण्याची खूण ठेवा. स्मरणिका छापायची असेल तर मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये छापखान्याला द्यावेत आणि फाइलमध्ये लहान फोटो फक्त जागा दाखवण्यापुरते ठेवावेत. खाडाखोड असेल तर ती एकदा कायम करून टाका. शेवटी ‘फाइल’ यादीतल्या ‘इन्फो’मध्ये जाऊन ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ चालवा. लेखकाचे नाव, शेरे, लपलेला मजकूर यांची यादी ते समोर मांडते. तेवढे करूनच फाइल पाठवावी.

पाठवतानाचा एक हिशेबही लक्षात असू द्या. ईमेलमधून जोडपत्र जाताना सहसा दर तीन बाइटांची चार अक्षरे केली जातात. म्हणजे अठरा एमबीची फाइल वाटेत चोवीस एमबीची होते. समोरच्या टपालपेटीची मर्यादा वीस एमबी असेल, तर ‘माझी फाइल तर अठराचीच होती’ असे म्हणून भागत नाही.

बाजारात भाजी घेताना आपण तराजूच्या काट्याकडे लक्ष ठेवतो. फाइल पाठवण्यापूर्वी तिच्या नावावर उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’मध्ये तिचे वजन पाहण्याची सवय तशीच लावून घ्यावी. चार पानांचा अर्ज आठ-दहा एमबी दाखवत असेल, तर तो पाठवण्याआधी दोन मिनिटे थांबून गाठोडे सोडून पाहावे. आत काय आहे हे पत्र घेणाऱ्याच्या आधी पाठवणाऱ्याला ठाऊक असलेले बरे.